एलवूड मीड : नदीचा हिशेब लिहिणारे गणिताचे शिक्षक

अमेरिकेतल्या हूवर धरणाचं चित्र तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नक्की पाहिलं असेल. दोन काळ्या कड्यांच्या मध्ये उभी असलेली ७२६ फूट उंचीची कमानदार भिंत. या भिंतीमागे जो जलाशय आहे त्याचं नाव लेक मीड. तो काठोकाठ भरला तर त्यात साधारण १,२५० टीएमसी पाणी मावतं. म्हणजे आपल्या कोयनेसारखी जवळजवळ बारा धरणं एका ठिकाणी! धरणाला नाव मिळालं ते राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं. पण मीड कोण? स्पर्धा परीक्षेत धरण विचारतात, नदी विचारतात, मीड कोणी विचारत नाही. आज आपण त्यांचीच ओळख करून घेणार आहोत. आणि त्या निमित्ताने एक गंमतशीर पण फार कामाची गोष्ट समजून घेणार आहोत : एका तळ्यातलं पाणी दुसऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात नदीतलं पाणी कसं घेतात?

एलवूड मीड यांचा जन्म १६ जानेवारी १८५८ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, पॅट्रियट या छोट्या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. गाव ओहायो नदीच्या काठावर. तिकडे पाऊस भरपूर, त्यामुळे शेताला पाट काढून पाणी द्यायची वेळच कधी यायची नाही. पाण्यावर आयुष्य घालवणाऱ्या या माणसाचं बालपण पाण्याची चिंता नसलेल्या मुलखात गेलं, हे लक्षात ठेवा. पर्ड्यू विद्यापीठातून १८८२ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी पश्चिमेला, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी गेले. तिथल्या कृषी महाविद्यालयात त्यांना नोकरी लागली. विषय कोणता? गणित! वय २४.

आता फोर्ट कॉलिन्सला थोडं थांबूया, कारण मीड यांची खरी शाळा हीच.

हे गाव रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. पाऊस वर्षाला १५ इंचांच्या आसपास, आपल्या दुष्काळी माणदेशापेक्षाही कमी. पण डोंगरावर हिवाळ्यात बर्फ साठतं आणि ते वितळून नद्या वाहतात. गावाजवळून जी नदी जाते तिचं नाव कॅश ला पूडर. हे नाव फ्रेंच आहे, अर्थ साधारण असा की दारूगोळा लपवा. जुन्या काळी फासेपारधी व्यापाऱ्यांनी म्हणे इथे बंदुकीची दारू पुरून ठेवली होती. आपण तिला नुसतं पूडर म्हणूया. पूडर डोंगरातून उतरते, फोर्ट कॉलिन्सवरून जाते आणि खाली ग्रीली नावाच्या गावापुढे साउथ प्लॅट नदीला मिळते.

ग्रीली हे गाव १८७० मध्ये वसलं. पूर्वेकडून आलेल्या कुटुंबांनी वर्गणी काढून वसाहत केली, पाट खोदले, पुढे बटाटे पिकवले. दोनच वर्षांनी वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सची वसाहत झाली आणि त्यांनीही मोठमोठे कालवे काढले. मग १८७४ चा उन्हाळा कोरडा गेला. वरच्यांनी नदी उचलली आणि खाली ग्रीलीत नुसती वाळू राहिली. आपल्याकडे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल तेव्हा काय वाटतं ते. दोन्ही गावांची माणसं एकत्र बसली ती एका शाळेच्या खोलीत. (शाळेची खोली सगळीकडे हेच काम करते, लग्न असो, मतदान असो की भांडण.) आवाज चढले, पण शेवटी वरच्यांनी थोडं पाणी खाली सोडायचं मान्य केलं.

या भांडणातून कोलोरॅडोत एक नियम पक्का झाला. १८७६ मध्ये कोलोरॅडो राज्य बनलं तेव्हा तो थेट राज्यघटनेत लिहिला गेला. नियम असा : ज्याने नदीतून पाणी आधी घेतलं त्याचा हक्क आधी. नदीच्या काठावर कोण राहतो, वर कोण, खाली कोण, याला किंमत नाही. तारीख महत्त्वाची.

हा नियम समजायला टँकर डोळ्यापुढे आणा. गावात टँकर आला आणि हंड्यांची रांग लागली. आपल्याकडे टँकर अर्धा असेल तर कोणीतरी शहाणं माणूस म्हणतं, प्रत्येकाला एकेकच हंडा द्या. कोलोरॅडोत तसं नाही. तिथे रांगेत पहिला असलेल्याचे सगळे हंडे भरणार, मग दुसऱ्याचे सगळे, मग तिसऱ्याचे. टँकर संपला की रांगेतले पुढचे हात हलवत घरी. यात न्याय आहे की नाही, हा वर्गात वाद घालायला उत्तम विषय आहे. माझ्या वर्गात मुली बहुतेक नाही म्हणतात. पण ज्याने कर्ज काढून पहिला पाट खोदला त्याच्या बाजूनेही एकदा विचार करून पाहा.

अडचण पुढे आली. पहिल्या दहा-बारा वर्षांतच नदीच्या पाण्यापेक्षा हक्क जास्त झाले. मीड तिथे पोचले त्याच १८८२ साली न्यायालयाने पूडरवरच्या प्रत्येक कालव्याला तारीख आणि पाण्याचा आकडा ठरवून दिला होता. आकडा कसा ठरवला? साक्षीदारांना विचारून! कालव्याच्या मालकाने शपथेवर सांगायचं की माझा कालवा एवढं पाणी नेतो, की लिहिलं. आता सांगा, हक्क लिहून घ्यायला बसलेला माणूस आकडा कमी सांगेल का?

तरुण गणित शिक्षक मीड सुट्टीत राज्याच्या अभियंत्याचे मदतनीस म्हणून काम करू लागले. राज्य अभियंता होते नेटलटन, ग्रीलीचे पाट आखणारे जुने जाणकार. मीड यांचं काम होतं मापनाचं. कालव्याची रुंदी मोजायची, खोली मोजायची, पाण्याचा वेग मोजायचा आणि तिन्हींचा गुणाकार करून विसर्ग काढायचा. सातवीच्या गणितापेक्षा अवघड नाही. पण त्या गुणाकारातून निघालं ते असं की अनेक कालव्यांना कोर्टाने दिलेलं पाणी त्या कालव्यात मावतच नव्हतं! कागदावरची नदी वेगळी आणि डोंगरातून येणारी वेगळी. मीड यांना या गोष्टीने जो धक्का दिला तो त्यांच्या आयुष्यभर पुरला असं मला वाटतं. पुढे ते जे जे करत गेले त्याचं मूळ इथे आहे.

१८८६ मध्ये त्याच महाविद्यालयात ते सिंचन अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. हा विषय शिकवणारे ते अमेरिकेतले पहिले प्राध्यापक.

पाण्याची सावड

आता मुख्य गोष्ट. वही घ्या आणि पानावर वरून खाली एक नागमोडी रेघ काढा. ही पूडर नदी. वरचं टोक डोंगर, खालचं टोक ग्रीली.

पूडरला पूर येतो मे-जूनमध्ये, बर्फ वितळतं तेव्हा. जुलै-ऑगस्टमध्ये ती आटते. आणि बटाट्याला, बीटला पाणी नेमकं तेव्हाच हवं असतं. रांगेत मागे असलेले नवे कालवे जूनमध्ये भरून वाहायचे आणि जुलैत कोरडे पडायचे. मग लोकांनी तळी बांधली. माळावर मोठमोठे नैसर्गिक खोलगट भाग होते. त्यांना एखादी भिंत घातली की झालं तळं. हिवाळ्याचं आणि पुराचं पाणी त्यात भरून ठेवायचं. टेरी लेक, विंडसर, टिमनाथ, फॉसिल क्रीक अशी बरीच तळी या खोऱ्यात तयार झाली.

पण देवाने खोलगट जागा शेतकऱ्याच्या सोयीने केलेल्या नाहीत. नॉर्थ पूडर नावाच्या कंपनीची शेतं वर, उत्तरेकडच्या उंच माळावर. आणि तिचं फॉसिल क्रीक तळं खूप खाली. पाणी तर चढावर चढत नाही! तळं काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्या मालकाची शेतं वर तहानलेली. इतका पैसा घालून मग असं तळं बांधलंच कशाला?

तुमच्या वहीतल्या रेघेवर तीन खुणा करा. सगळ्यात वर नव्या कालव्याचं तोंड. त्याच्या खाली तळ्याचं पाणी नदीत येतं ती जागा. सगळ्यात खाली जुन्या कालव्याचं तोंड. जुना कालवा रांगेत पुढे, नवा मागे. समजा जुलैत नदीत १०० क्युसेक पाणी आहे आणि ते सगळंच्या सगळं जुन्याच्या हक्काचं आहे. हे आकडे मी सोपे म्हणून घेतलेत. नव्या कालव्याचा शेतकरी काठावर उभा राहून आपल्या दारावरून जाणारं पाणी बघतो, पण हात लावू शकत नाही.

आता तो काय करतो? आपल्या खालच्या तळ्याची मोरी उघडतो आणि ६० क्युसेक पाणी नदीत सोडतो. हे पाणी जुन्या कालव्याकडे जातं. त्याच वेळी वर, आपल्या कालव्याच्या तोंडाशी, तो नदीतून ६० क्युसेक उचलतो. जुन्याला किती मिळालं? नदीतलं उरलेलं ४० आणि तळ्यातलं ६०. पूर्ण १००! त्याचा एक थेंब कमी झाला नाही. आणि नव्याच्या उंच शेतात पाणी पोचलं, मोटार नाही, पंप नाही. त्याच्या तळ्यातलं पाणी डोंगर चढून गेलं नाही. त्याने फक्त खाली दिलं आणि वर घेतलं.

आपल्याकडे सावड असते ना? आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू ये. तशी ही पाण्याची सावड. फरक एवढाच की सावडीत उद्यावर विश्वास ठेवावा लागतो, इथे देणं आणि घेणं एकाच वेळी होतं. आधी उचललं आणि आठ दिवसांनी परत केलं, तर मधल्या आठ दिवसांत जुन्याचे बटाटे वाळतील.

तळ्या-तळ्यांतही अशीच अदलाबदल चालते. समजा खालच्या तळ्याचा भरण्याचा हक्क जुना आहे, पण वरच्या तळ्यात आत्ता जागा आहे. मग पाणी वरच अडवायचं आणि ते खालच्याच्या नावावर लिहून ठेवायचं. लागेल तेव्हा वरून सोडायचं, किंवा तिसऱ्याच कोणाच्या तळ्यातून भागवायचं. बँकेत भरलेली नोट आणि काढलेली नोट एकच नसते, तसं.

यात फसगत होऊ शकते का? नक्कीच, म्हणून तिथे अटी आहेत. दिलेलं पाणी घेतलेल्या इतकंच असलं पाहिजे. वाटेत जेवढं मुरतं आणि उडून जातं ते देणाऱ्याच्या नावे कापायचं. पाणी पिकाला चालेल असं हवं. आणि सगळ्यात बारीक अट नकाशावर बघा : नव्या कालव्याचं तोंड आणि तळ्याची मोरी यांच्यामधल्या पट्ट्यात नदी ६० क्युसेकने बारीक झालेली असते. त्या पट्ट्यात जर तिसऱ्याच कोणाचा जुना कालवा असेल आणि त्याचं पाणी तुटलं, तर ही अदलाबदल तिथेच बंद करावी लागते. हे रोज बघायला सरकारी पाणी आयुक्त असतो. नाव मोठं असलं तरी काम आपल्या पाटकऱ्याचंच, नदीकाठाने फिरायचं, दारं बघायची, आकडे लिहायचे, शिव्या खायच्या.

कोलोरॅडोच्या विधिमंडळाने १८९७ मध्ये अशा अदलाबदलीला कायद्याने मान्यता दिली. पण मजा अशी की पूडरचे शेतकरी कायद्याची वाट बघत बसले नव्हते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपसात ठरवून व्यवहार आधीच सुरू केला होता, कायदा मागून आला. आणि हा व्यवहार उभा राहिला तो मोजमापावर. दोन्ही तोंडांशी नेमकं किती पाणी जातंय हे कळत नसेल तर कोण कोणाला कशाला देईल? पुढे याच महाविद्यालयातल्या राल्फ पार्शल यांनी कालव्यातलं पाणी मोजायचं एक साधं पन्हळ तयार केलं. ते पार्शल फ्लूम आज जगभर वापरतात.

जाता जाता एक हिशेब. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८ लिटर. १ क्युसेक पाणी २४ तास चालू ठेवलं तर २ एकरांत फूटभर पाणी उभं राहतं. मुलांकडून हा हिशेब करून घ्या, त्यांना फार आवडतो.

वायोमिंगची वही

मीड यांनी ही अदलाबदल शोधून काढली, असं कृपया कोणी उत्तरपत्रिकेत लिहू नका. ती शेतकऱ्यांची युक्ती. मीड यांनी काय केलं? त्यांनी ठरवलं की पुढच्या राज्यात खोटा आकडा वहीत शिरूच द्यायचा नाही.

शेजारच्या वायोमिंग प्रांताने १८८८ मध्ये त्यांना आपला अभियंता म्हणून बोलावलं. वय ३०. तिथली स्थिती पूडरपेक्षा वाईट. कोणीही उठावं, जिल्ह्याच्या कारकुनाकडे जाऊन कागद द्यावा की अमुक ओढ्याचं एवढं पाणी माझं. कारकून फी घ्यायचा आणि कागद फायलीत लावायचा. ओढ्यात तेवढं पाणी आहे का, कालवा खोदला का, कोणी बघत नव्हतं. १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं. त्याच्या घटनेतला पाण्याचा भाग मीड यांच्या विचाराने लिहिला गेला. त्यात पहिलीच गोष्ट अशी की राज्यातलं नैसर्गिक पाणी राज्याच्या मालकीचं. वापरायचा हक्क माणसाला, मालकी राज्याची. पाणी हवं असेल तर आधी राज्य अभियंत्याकडे अर्ज करायचा. नदीत पाणी शिल्लक नसेल तर अर्ज नाकारायचा. परवाना मिळाला तर कालवा खोदायचा, शेत भिजवायचं, मग अधिकारी येऊन मोजणार आणि मगच पक्का हक्क. तोही किती? ७० एकरांना १ क्युसेक, त्याहून जास्त नाही. आणि तो हक्क जमिनीला चिकटलेला. वकील आणि साक्षीदार यांच्या जागी पट्टी आणि मापाची काठी आली.

ही पद्धत पश्चिमेतल्या अनेक राज्यांनी थोड्याफार फरकाने उचलली. सगळी कोणी उचलली नाही, आणि कोलोरॅडो तर आजही आपल्या पाणी न्यायालयांनाच धरून आहे.

इथे एक प्रश्न चौकस वाचकाला पडेल. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवून टाकणारे मीड आणि पाणी इकडचं तिकडे करणारी पूडरची अदलाबदल, यांचं जमणार कसं? मीड यांना भीती होती ती पाण्याच्या व्यापाराची. शेत नाही, नांगर नाही, नुसता कागद घेऊन बसलेला मालक शेतकऱ्याला पाणी विकणार, हे त्यांना सहन व्हायचं नाही. पण अदलाबदलीत हक्क कोणी विकत नाही. जुन्याची तारीख जुन्याकडेच राहते, नव्याचं तळं नव्याचंच. फक्त कोणतं पाणी कोणाच्या शेतात जातं ते बदलतं. १८९९ मध्ये मीड वॉशिंग्टनला देशाच्या कृषी खात्यात सिंचन संशोधनाचे प्रमुख झाले. १९०१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने पूडर खोऱ्यातल्या तळ्यांच्या व्यवस्थेवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली. लिहिणारे कोण? तेच जुने साहेब, नेटलटन. मदतनीस आता प्रमुख झाला होता आणि ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांच्याचकडून त्याने खोऱ्याची हकीकत लिहवून घेतली.

त्याच १९०१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रामच्या अपघातात मीड यांनी उजवा हात गमावला. वय ४३. नकाशे काढणारा, आकडे लिहिणारा हात गेला. ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि दोन वर्षांत, १९०३ मध्ये, त्यांचं सिंचनाच्या संस्था आणि कायद्यांवरचं मोठं पुस्तक बाहेर आलं. मुलांना हा भाग सांगताना मी फार रंगवत नाही. पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवताना किती वेळ लागतो ते आपण रोज बघतो, तेवढं पुरे.

ऑस्ट्रेलिया, आणि एक दिल्ली

१९०२ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच धरणं बांधायचं ठरवलं. मीड यांना वाटत होतं की पाण्याची व्यवस्था राज्यांकडे असावी. त्यांचं चाललं नाही, नवं खातं दुसऱ्यांच्या हातात गेलं. १९०७ मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गेले आणि तिथल्या नद्या व पाणीपुरवठा आयोगाचे अध्यक्ष झाले. व्हिक्टोरियात पाण्यावर सरकारची मालकी आधीपासून होती. तो कायदा ज्यांनी घडवला ते आल्फ्रेड डीकिन आपल्याकडे येऊन भारतातले कालवे बघून गेले होते, त्यावर त्यांनी १८९३ मध्ये पुस्तकही लिहिलं. मीड तिथे पोचले तेव्हा डीकिन देशाचे पंतप्रधान होते. १९१५ पर्यंत मीड तिथे राहिले. नुसता कालवा काढून भागत नाही, शेतकऱ्याला घर, कर्ज, सल्ला हे सगळं द्यावं लागतं, असं त्यांचं मत तिथे पक्कं झालं.

हेच मत घेऊन ते कॅलिफोर्नियात परतले, बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सरकारकडून दोन शेतकरी वसाहती उभ्या करवल्या. एक डरहॅम आणि दुसरी दिल्ली! होय, स्पेलिंग आपल्या दिल्लीचंच, तिथले लोक मात्र उच्चार डेल-हाय असा करतात. पुढे शेतमालाचे भाव पडले, कर्ज फिटेना आणि दोन्ही वसाहती फसल्या. आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या वसाहतींत जपानी आणि इतर आशियाई शेतकऱ्यांना जागा असू नये, अशा मताचे मीड होते. पाण्याचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या माणसाने माणसांचा हिशेब मात्र रंग बघून केला. चरित्र सांगताना हेही मुलांना सांगावं असं मला वाटतं.

शेवटचं धरण

१९२४ मध्ये मीड ६६ वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणूस कधीच निवृत्त झालेला असतो. पण ज्या केंद्रीय खात्यापासून ते एकेकाळी बाजूला पडले होते, त्याच ब्यूरो ऑफ रिक्लमेशनचे ते आयुक्त झाले. खातं तेव्हा अडचणीत होतं. धरणांचे पैसे शेतकऱ्यांकडून वसूल होत नव्हते, कारण पाणी पोचलं तरी शेती उभी राहिली नव्हती. मीड यांनी कर्जफेडीच्या अटी सैल केल्या, घडी बसवली. कूलिज, हूवर आणि रूझवेल्ट अशा तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळात ते त्या खुर्चीवर राहिले.

कोलोरॅडो नदीवरच्या प्रचंड धरणाचं काम १९३१ मध्ये सुरू झालं. फेब्रुवारी १९३५ मध्ये पाणी अडायला लागलं आणि ३० सप्टेंबर १९३५ रोजी रूझवेल्ट यांच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. चारच महिन्यांनी, २६ जानेवारी १९३६ रोजी, वॉशिंग्टनमध्ये मीड वारले. वय ७८. तेव्हाही ते आयुक्तपदावरच होते. धरणामागे भरत चाललेल्या पाण्याला त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं.

मीड गेल्यावर पूडर खोऱ्यात आणखी एक बदल झाला. १९३७ मध्ये एक योजना मंजूर झाली आणि रॉकी पर्वताच्या पोटातून सुमारे १३ मैलांचा बोगदा खोदून कोलोरॅडो नदीच्या वरच्या अंगाचं पाणी पूर्वेकडे आणलं गेलं. ते फोर्ट कॉलिन्सच्या वरच्या बाजूला हॉर्सटूथ नावाच्या जलाशयात साठतं. म्हणजे आता पूडरच्या अदलाबदलीत त्या दुसऱ्या नदीचं पाणीही आलं, जिच्या खालच्या अंगाला लेक मीड आहे. तुमच्या वहीतली रेघ आता चांगलीच लांब झाली!

आणि त्या मोठ्या नदीची कथा पूडरसारखीच निघाली. १९२२ च्या करारात सात राज्यांनी कोलोरॅडो नदी वाटून घेतली, वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्यांना ७५ लाख. पुढे १९४४ मध्ये मेक्सिकोला १५ लाख. ज्या वर्षांचे आकडे धरून हे ठरलं ती वर्षं ओली होती. गेल्या २०-२५ वर्षांत नदी त्याहून बरंच कमी पाणी आणते आहे. ज्या माणसाने तरुणपणी फुगवलेले आकडे पकडले, त्याच्या नावाचं तळं फुगवलेल्या आकड्यावर उभं आहे. २०२२ च्या जुलैमध्ये लेक मीडमध्ये सुमारे २७ टक्केच पाणी उरलं होतं. कड्यांवर जिथपर्यंत पूर्वी पाणी होतं तिथे पांढरा पट्टा दिसतो, फोटो शोधून मुलांना दाखवा.

मग तिथे आता काय चालतं? वर लेक पॉवेल आणि खाली लेक मीड, या दोन जलाशयांची पातळी एकमेकांशी पडताळून वरून किती सोडायचं ते ठरवतात. २००७ पासून आणखी एक सोय आहे. खालच्या एखाद्या राज्याने शेतं पड ठेवून किंवा कालव्याची गळती थांबवून पाणी वाचवलं, तर ते पाणी लेक मीडमध्येच ठेवता येतं, त्या राज्याच्या नावावर जमा होतं, काही भाग कापून घेतला जातो आणि उरलेलं पुढे लागेल तेव्हा काढता येतं. कोणाच्या खात्यावर किती जमा आणि कोणी किती उचललं, याचा ताळेबंद दरवर्षी निघतो. तो लिहिण्याचं काम मीड यांच्याच जुन्या खात्याकडे आहे.